पिवळ्या नळीची गाठ

माझ्या उजव्या पायाला गुडघ्याखाली फारसं काही कळत नाही. चप्पल निसटली तर मागून येणारा माणूस सांगतो, "राव, चप्पल मागं राहिली." एकदा टाचेत काच घुसली होती आणि मी दिवसभर तसाच हिंडत होतो, संध्याकाळी फरशीवरचे डाग बघून बायकोनं मला खाली बसवलं. डॉक्टरांकडे या दुखण्याला मोठं नाव आहे. गावाकडे त्याचं कारण एका वाक्यात सांगतात, की धाकटा पाण्यात घाबरला आणि भसकन वर आला. हे वाक्य मी पारावर ऐकलं, सलूनमध्ये ऐकलं, एका लग्नात तर माझ्याच पंगतीत ऐकलं. ते अर्धंच खरं होतं. मी भसकन वर आलो हे खरं, पण घाबरून नाही. माझी हवा संपली होती, आणि जी हवा मला मिळायची ती दादाच्या पाठीवर एका गाठीत अडकली होती. हे फक्त आम्हा दोघा भावांना माहीत होतं. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, आता भावावर ढकलतोय. म्हणून ते दादानंच सांगायला हवं होतं, आणि दादा सांगत नव्हता.

आमचं गाव पिंपरी पेंढार. घरची शेती होती, पण नव्वदच्या दशकात आम्ही ओळखले जायचो ते विहिरीतल्या मोटारींमुळं. कुणाची मोटर जळाली, पाइप फुटला, पाणी ओढणं बंद झालं की निरोप यायचा. तीन पायांचा लोखंडी घोडा, चेनपुली आणि दोरांची भेंडोळी ट्रॉलीत टाकून आम्ही निघायचो. मोटर वर काढायची, नीट करून परत खाली सोडायची. पाइपाच्या तळाला असतो तो फुटव्हॉल्व्ह, त्याला आमच्याकडं सगळे फुटबॉल म्हणतात. तो गाळानं चोंदला की दादा छाती भरून श्वास घ्यायचा आणि बुडी मारायचा. काठावरच्या बाया घाबरून देवाचं नाव घ्यायला लागायच्या, तेव्हा कुठं त्याचं डोकं वर यायचं. मीही बुडी मारायचो, पण माझ्या बुडीला देवाचं नाव घ्यायची वेळ कुणावर आली नाही.

दादाची खरी प्रसिद्धी मात्र त्याच्या गाठीची होती. मोटर खाली सोडताना पाइप, केबल आणि दोर हे तिन्ही एकत्र बांधत न्यावे लागतात, नाहीतर केबल लोंबते, कपारीत अडकते आणि तुटते. त्यासाठी दादा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवायचा. दोन वेढे, शेपूट आत खोचायचं, मग दातात धरून आवळायचं. ती निरगाठ पुन्हा सोडायची म्हटली तर कोयताच लागायचा. शेतकरी कुरकुर करायचे, की पुढच्या वेळी काढताना पट्टी वाया जाते. दादा म्हणायचा, "पट्टी जाऊ दे. इहिरीत सोडलेली वस्तू सुटाय नाय पायजे." हे तो इतक्या वेळा म्हणायचा की मला ते झोपेतही ऐकू यायचं. त्याच्या हातून सुटलेली मोटर माझ्या आठवणीत एकही नाही.

दोन हजार साल उलटल्यावर आळेफाट्याच्या शेठनं आम्हाला बोलावलं. हे शेठ म्हणजे राजस्थानातून आलेलं जैन घराणं. आजोबांच्या वेळेपासून इथं दुकान, पाइप-फिटिंगचा सगळा माल आम्ही त्यांच्याकडूनच उचलायचो. त्यांचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांचा भाचा मित्रांबरोबर माळशेजकडे गेला होता आणि मढजवळ धरणाच्या फुगवट्यात बुडाला होता. पाण्यात माणूस शोधायची आमच्याकडची रीत म्हणजे होडीतून दोरीला लोखंडी गळ बांधून तळ ओढत जायचं. भाचा सापडला तो गळाला लागूनच. शेठ काठावर उभे होते. ज्यांच्या घरी पाणी गाळून पितात, दिवेलागणीच्या आत जेवण उरकतात, मुंगीलाही वाट देतात, त्या माणसानं आपल्या बहिणीच्या मुलाला गळावरून सोडवताना पाहिलं. त्याबद्दल ते आमच्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन त्यांनी दोन मोठी खोकी दाखवली. आत पाण्याखाली श्वास घ्यायची साधनं होती, सिलिंडर, नळ्या, चष्मे, पायात घालायचे रबरी पंख, सगळं दोन-दोन.

"शिकवायला माणूस मुंबईहून येईल," शेठ म्हणाले. "कोणी बुडालं की तुम्ही जायचं. हातांनी आणायचं, गळ टाकायचा नाही. आणि हे घालून मासे धरायचे नाहीत."

दादा म्हणाला, "शेठ, आमी माळकरी हाये."

मी माळकरी नव्हतो आणि मासे मला लई आवडतात, पण ती काही बोलायची वेळ नव्हती. मी मान हलवली.

मुंबईहून आलेला माणूस नौदलातून निवृत्त झालेला होता, कोकणातला. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यानं आम्हाला आधी आमच्याच विहिरीत आणि मग येडगावच्या धरणात शिकवलं. सिलिंडरमधून निघणाऱ्या नळीच्या टोकाला जो तोंडात धरायचा भाग असतो त्याला आम्ही तोटी म्हणू लागलो. त्यानं दोन दिवस हरकत घेतली, मग तोही तोटीच म्हणू लागला. प्रत्येक सिलिंडरला दोन तोट्या. एक काळ्या नळीची, आपल्या तोंडात. दुसरी पिवळ्या नळीची, चांगली पुरुषभर लांब.

"ही पिवळी तुमची नव्हे," तो म्हणाला. "ही दुसऱ्याची. त्याची हवा संपली की तो येणार आणि ही ओढून तोंडात घेणार. मग दोघं एका सिलिंडरवर वर यायचं, सावकाश. म्हणून ती लांब."

लांब नळी मोकळी सोडली तर झाडाझुडपात अडकते. म्हणून तिच्या घड्या घालून सिलिंडरच्या कडेला रबरी पट्ट्यांखाली खोचायच्या आणि तोटी गळ्याशी अडकवायची. पट्टी कशी असावी यावर त्यानं अख्खी सकाळ घालवली. नळी पोहताना हलता कामा नये, पण एका ओढीत सगळी सुटली पाहिजे. आणि पाण्यात शिरण्याआधी प्रत्येकानं दुसऱ्याची पिवळी नळी ओढून बघायची, ती सुटते का. पुन्हा घड्या घालायच्या, मगच आत. हे त्यानं आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतलं, की बघायला जमलेली पोरं कंटाळून निघून गेली.

दादाला ते पटत नव्हतं. घरी येताना म्हणाला, "सुटंल अशी बांधायची? मंग बांधायची कशाला?"

पहिली हाक आंबेगावच्या बाजूनं आली, डिंभ्याच्या फुगवट्यातून. आहुप्याकडचा कोणी माणूस होडी कलंडून गेला होता. तो आम्हाला तळाशी सापडला, उताणा, जणू पडल्या पडल्या वर बघत असावा. त्याला काखेत धरून वर आणताना मला काही म्हणजे काहीच वाटलं नाही. काठावर त्याच्या माणसांनी हंबरडा फोडला तेव्हाही मी पंखांचे पट्टे सोडत होतो. घरी आल्यावर दोन भाकरी खाल्ल्या. बायको समोर बसून बघत होती.

"काय वाटलं ओ तुमाला?"

"काय नाय."

"कायच नाय?"

"कायच नाय. कालवण वाढ."

तिनं कालवण वाढलं, पण त्या दिवसापासून ती माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागली. मला वाटलं होतं, पहिल्यांदा असंच होत असेल, पुढं वाटायला लागेल. पुढच्या खेपांनाही वाटलं नाही. शिकवणाऱ्यानं सगळं शिकवलं, पण हे आधी सांगितलं नव्हतं. दादाचं मात्र उलटं. तो दर खेपेनंतर दोन दिवस जेवायचा नाही आणि कुणाशी बोलायचा नाही. गावाला वाटायचं मी धीट आणि तो हळवा. पुढं गावानं हे मत बदललं ते कायमचंच.

मढच्या फुगवट्यात पाण्याखाली जुनी बाभळीची बनं आहेत. धरण भरलं तेव्हा ती तशीच बुडाली. एका खेपेला दादाची पिवळी नळी घडीतून निसटली आणि फांदीत अडकली. तो तिथं लटकून राहिला आणि मी फांदी मोडून त्याला सोडवलं. वर आल्यावर तो असा चिडला की पंख काढून लांब भिरकावले. "सांगत व्हतो मी," एवढंच म्हणाला. मी हसलो. मला वाटलं, राग आहे, जाईल.

त्यानंतरची खेप पावसाळ्याच्या शेवटाला आली. सहलीला आलेला एक तरणा मुलगा मढजवळ बुडाला होता. आदल्या दिवशी अंधार पडल्यानं शोध थांबला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याचे आईवडील काठावर आले होते. मी पोलिसांना आणि त्याच्या मित्रांना विचारत होतो, नेमका कुठं गेला, कपडे कुठले होते. दादा जीपमागं बसून साधनं जुळवत होता. सकाळपासून आम्ही बुड्या मारल्या, प्रत्येक वेळी बराच वेळ तळाशी चाचपडलो. पाणी असं गढूळ, की हात चष्म्याला लावला तरी दिसत नव्हता. दुपारी सिलिंडर बदलून पुन्हा निघालो. नळी ओढून बघायची रीत त्या दिवशी आम्ही पाळली नाही. त्या मुलाची आई चार हातांवर बसली होती, रडत नव्हती, नुसती आमच्याकडे बघत होती. तिच्यासमोर एकमेकांच्या नळ्या ओढून बघत, पुन्हा घड्या घालत उभं राहायचं आम्हाला दोघांनाही जमलं नाही. आमच्याकडं मयताच्या ठिकाणी कोणी रेंगाळत नाही. हात झटपट चालवायचे, मान खाली ठेवायची आणि काम उरकायचं.

मुलगा मला सापडला. माझ्या हाताला त्याचा बूट लागला. तो बाभळीच्या दोन फांद्यांमध्ये बसला होता आणि शर्ट काट्यांत गुंतला होता. दादाला खूण म्हणून मी आम्हा दोघांना जोडणारी दोरी हलवली, तो आला, आणि आम्ही त्याला सोडवायला लागलो. कष्टाच्या कामात हवा भराभर जाते हे शिकवलेलं होतं. किती हवा उरली हे दाखवणारा सिलिंडरचा काटा डोळ्यांपुढं धरला तरी दिसत नव्हता. श्वास जड झाला. पुढचा श्वास अर्धाच आला. त्याच्या पुढचा आलाच नाही.

मी शांत होतो. हे मी शपथेवर सांगू शकतो, कारण तेव्हाही मला काहीच वाटत नव्हतं. शिकवलेलं सगळं जसंच्या तसं आठवत होतं. दादाच्या खांद्याला चाचपडलं, गळ्याशी तोटी सापडली, ओढली. ती वीतभर आली आणि थांबली. पुन्हा ओढली. पुन्हा वीतभर. दादाला पाठीमागून हिसके बसत होते. त्याला वाटलं असणार फांदी अडकली, आणि सुटण्यासाठी तो जोर लावून पुढं सरकला. मी तोंड तोटीजवळ न्यायला गेलो आणि हवेऐवजी पाणी गिळलं. मग नळीवरून हात मागं नेला, सिलिंडरच्या कडेला, जिथं घड्या असतात तिथं. बोटांना रबर लागलं. दोन वेढे, शेपूट आत खोचलेलं.

ती गाठ मी हजार वेळा कोयत्यानं कापली होती. मला ती ओळखायला डोळ्यांची गरज नव्हती. त्या क्षणी एकच विचार आला, की ही आता सुटायची नाही. मग मी हात सोडला आणि वर निघालो, जेवढ्या वेगानं जाता येईल तेवढ्या वेगानं.

काठावर मला ओढून घेतलं तेव्हा मी खोकत होतो. थोड्या वेळानं दादा आला. त्याची पिवळी तोटी गळ्यातून निसटून छातीवर लोंबत होती, नळी ताठ ओढलेली. त्यानं ती बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि सगळं त्याच्या ध्यानात आलं. मी चिखलात आडवा होतो, पण माझे डोळे उघडे होते. लोक माझ्याभोवती गोळा झाले होते. दादानं सिलिंडर उतरवला, आमच्याकडे पाठ केली, खिशातली ब्लेड काढली आणि पट्टी कापली. कापलेला तुकडा पाण्यात टाकला.

कुणीतरी विचारलं, "काय झालं ओ धाकल्याला?"

दादा म्हणाला, "काय नाय. दम उखडला त्याचा."

मग तो एकटाच परत पाण्यात गेला. एकट्यानं जायचं नाही हा पहिला नियम, पण त्याला अडवणार कोण. त्यानं त्या मुलाला वर आणलं. मुलाची आई त्याच्या पाया पडायला वाकली तेव्हा तो दोन पावलं मागं सरला आणि सरळ जीपकडे निघून गेला. लोकांना तो त्याचा मोठेपणा वाटला.

संध्याकाळी माझ्या पायाला मुंग्या आल्या. वात असेल म्हणून तेल लावून चोळलं. सकाळी पाय टेकवता येईना. मग नारायणगाव, मग पुणे. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की खोल पाण्यात दिवसभर राहून एकदम वर आलं की रक्तात हवेचे बुडबुडे होतात. त्याच दिवशी हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीत ठेवलं असतं तर वेगळं झालं असतं. मी हळूहळू काठी घेऊन चालायला लागलो, नंतर काठीशिवाय. पायाला भार कळतो, पण बाकी काही कळत नाही. मुंबईच्या शिकवणाऱ्याचा फोन आला होता. तो दादानं घेतला. मी खाटेवर होतो, ऐकू येत होतं. पलीकडून काय विचारलं ते दादाच्या उत्तरावरून कळलं. "नाय, पिवळी नाय वापरली. गडबडीत राह्यलं."

मला राग आला तो तेव्हा. पाण्यात नाही, दवाखान्यात नाही, त्या फोनला आला. पाय गेला याचं मला इतकं नव्हतं. पाय माणसाचा जातो, विहिरीच्या कामात बोटं गेलेले किती दाखवू. पण शिकलेलं विसरून मी पळालो असा त्याचा अर्थ झाला, आणि तो अर्थ गावभर पसरायला फार दिवस लागले नाहीत.

त्यानंतरची वर्षं दादानं माझ्यासाठी काय केलं नाही ते विचारा. मला बसून काम करता यावं म्हणून मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान टाकून दिलं. माझ्या वाटणीचं रान तोच नांगरायचा, आधी माझं, मग त्याचं. माझ्या मुलीच्या शाळेचं, आमच्या घराच्या पत्र्याचं, सगळं. सणाला पहिलं ताट माझ्यासमोर. स्वतः पाण्यात जाणं त्यानं पूर्ण सोडलं, विहिरीतसुद्धा. साधनांची खोकी माळ्यावर गेली. पण बोलायचं म्हणाल तर ऊस आणि टोमॅटो, यापलीकडं नाही. बायको म्हणायची, "भाऊजी तुमच्या तोंडाकडं बघत नायत, तुमच्या लक्षात आलंय का?" माझ्या चांगलं लक्षात आलं होतं.

एकदा मी धीर केला. बांधावर दोघंच होतो. म्हणालो, "दादा, त्या दिवशी मढला..."

"च्या घे," तो म्हणाला आणि थर्मास पुढं केला. मी चहा घेतला. गार झाला होता, तसाच प्यायलो आणि मनात त्याला नाही नाही ते बोललो. सगळं देतो हा माणूस, नांगर देतो, पत्रा देतो, फक्त एक वाक्य देत नाही. मला दुसरं काही नकोच होतं.

मग रागही बोथट झाला. पारावर कुणी "धाकला घाबरला" म्हटलं की पूर्वी कान तापायचे, नंतर तापेनासे झाले. मी स्वतःच कधी कधी तसं सांगायला लागलो, म्हणजे विषय लवकर संपतो. घाबरलो बाबा, झालं. लोक हसायचे, मीही हसायचो. अंगात कुठं काही हलायचं नाही.

शेठ थकले होते. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं, की ती साधनं सडवू नका, कुणाला तरी शिकवा. मढच्या बाजूचे चार जण तयार झाले होते, होडी चालवणारे, पाण्याची सवय असलेले, आमच्याच वयाचे. दादानं नाही म्हणून बघितलं, पण शेठना नाही म्हणणं आम्हाला जमत नाही. एका दुपारी ते चौघं आमच्या विहिरीवर आले. दादा दुकानात येऊन उभा राहिला.

"तू बी चल."

"मी काय करू तिथं?"

"चल म्हनलं ना."

मी कुरकुरत गेलो. विहिरीच्या धक्क्यावर साधनं मांडलेली होती. नवे सिलिंडर भरून आणले होते, नळ्या धुतल्या होत्या. दादा एकेक गोष्ट दाखवत होता, मोजक्या शब्दांत. चांगलं शिकवत होता, हे कबूल करायला मला जड गेलं. मी धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो. पिवळ्या नळीशी आल्यावर त्यानं घड्या घातल्या, ट्यूबची पट्टी सरकवली, आणि म्हणाला, "आता तुमी करा."

एकानं घड्या घातल्या. हलवून बघितल्या. त्याला ते काही बरं वाटलं नाही.

"भाऊ, जरा आवळून बांधू का? आमच्याकडं खाली बाभळी हायेत. अशी तर सुटंल आन अडकंल."

दादानं त्या घड्या बोटांनी चाचपल्या. नळी त्याच्या हातात होती. इतका वेळ गेला की त्या माणसाला वाटलं आपलं काही चुकलं, आणि तो माझ्याकडे बघायला लागला.

"मीबी असंच म्हनलो व्हतो," दादा म्हणाला. "मढलाच. आमी दोघं खाली व्हतो. ह्याची हवा सपली." त्यानं माझ्याकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "ह्यानं माझी पिवळी वढली. शिकवल्याली तशीच वढली. ती आली नाय. मी निरगाठ मारली व्हती तिला. ह्यो वर गेला म्हणून वाचला. लोक म्हणत्यात घाबरला, ते खोटं हाय. मला ठावं व्हतं. मी बोललो नाय."

चौघं माझ्या पायाकडे बघायला लागले. मग दुसरीकडे.

या वाक्याची मी किती वर्षं वाट बघितली होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं, चांगलं तिखट, दोन-तीन पर्याय होते. आता ते वाक्य आलं आणि मला काहीच वाटेना. धक्क्यावर बसून मी स्वतःला चाचपत होतो, राग कुठंय, आनंद कुठंय. काही सापडेना, आणि मला भीती वाटली. या सगळ्या प्रकरणात मी खरा घाबरलो तो तेव्हा.

"जाऊ द्या," मी म्हणालो. "पाणी लई गढूळ व्हतं त्या दिवशी."

"पान्याचा काय संबंध," दादा म्हणाला. "गाठ मी मारली."

मग त्यानं चौघांना हात लावायला सांगून सिलिंडर पाठीवर चढवला. हवा सुरू केली. काळी तोटी तोंडात घ्यायच्या आधी मला म्हणाला, "ऊठ. वढ."

"आता कशाला?"

"वढ."

मी उठलो. त्याच्यासमोर उभा राहिलो. दुपारचं ऊन होतं आणि मला त्याचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. त्यानं डोळे माझ्यावरून हलवले नाहीत. मी पिवळी तोटी धरली आणि ओढली. मी फार जोर लावला असणार, कारण ती सगळीच्या सगळी, शेवटच्या घडीपर्यंत, एका ओढीत आली आणि मी मागं झोकांडलो. मागं विहीर होती. दादानं पुढं होऊन माझ्या सदऱ्याची कॉलर मुठीत धरली.

त्यानं मानेनं खूण केली. तोंडात घे.

कोरड्या जमिनीवर, चार माणसांसमोर, मी ती तोटी दातांत धरली आणि श्वास घेतला. गार, कोरडी, रबराच्या वासाची हवा आली. लगेच आली, पाहिजे तेवढी आली. मी दुसरा श्वास घेतला आणि तिसरा घेताना छातीत काहीतरी मोडलं. तोटी तोंडात असताना रडता येत नाही, नुसता घरघर आवाज येतो. चौघांपैकी एकाला वाटलं साधन बिघडलं, आणि तो झडप बघायला पुढं सरसावला. दादानं मोकळ्या हातानं त्याला थांबवलं.

एका सिलिंडरवर दोघं असताना देणाऱ्यानं घेणाऱ्याला धरून ठेवायचं असतं, वर पोचेपर्यंत. दादानं कॉलर धरलेली होती. आम्ही तसेच उभे राहिलो, तो त्याच्या तोटीतून आणि मी माझ्या तोटीतून श्वास घेत, आणि बऱ्याच वेळानं माझा श्वास सरळ झाला तरी त्यानं हात काढला नाही.